लाइन सहाशे एक, अ आणि ब

मुरबाडच्या एमआयडीसीत पुठ्ठे बनवणारा एक कारखाना आहे. बत्तीस वर्षांत त्याचे तीन मालक झाले, आणि प्रत्येकाने आधीच्या मालकाच्या अकलेविषयी शंका घेत पाइप इकडचे तिकडे केले. पहिल्याने काढून घेतलेले नकाशे वाळवीने खाल्ले. दुसऱ्याने नकाशे काढलेच नाहीत, त्यात वाळवीचं नुकसान झालं. तिसऱ्याने ठाण्याहून एक ड्राफ्ट्समन आणला. तो तीन दिवस वही घेऊन फिरला, चौथ्या दिवशी पंपहाऊसच्या मागे डोकं धरून बसलेला दिसला आणि पाचव्या दिवशी आला नाही. तेव्हापासून कारखान्याचा नकाशा म्हणजे देवजी फिटर.

‘देवजीला विचारा’ एवढ्यावर कारखाना चालत होता. कुठली लाइन पाण्याची, कुठली वाफेची, कुठल्या व्हॉल्वचं चाक उलटं फिरतं, कुठला पाइप दोन्ही टोकांना जोडलेला दिसतो पण मधून कधीच कापलेला आहे, हे सगळं देवजीच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं रोज सकाळी डोळखांबजवळच्या पाड्यावरून निघून किन्हवली, सरळगाव करत मोटरसायकलवर मुरबाडला येत होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी देवजी रिटायर झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन शनिवारी घरी गेला. सोमवारी वाफेची एक लाइन फुटली, ती कुठून बंद करायची ते कुणाला सापडेना, आणि मंगळवारी देवजी परत कामावर हजर झाला. घड्याळ परत मागितलं नाही, एवढा मोठेपणा कंपनीने दाखवला. त्यानंतर दर डिसेंबरअखेर एक वर्षाच्या मुदतवाढीचं पत्र निघू लागलं. अशी तीन पत्रं झाली होती.

चौथं पत्र मिळावं ही देवजीची फार इच्छा होती, आणि तिच्यामागे पगारापेक्षा मेहुणा जास्त होता. वाल्मिक, म्हणजे बायकोचा, ताराबाईचा भाऊ, कसाऱ्याला रेल्वेत होता. रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने लोक त्याला गाड्यांच्या वेळा विचारत. मग गाड्या सगळ्यांच्या मोबाइलात दिसू लागल्या. आता वाल्मिक शहापूरच्या एसटी स्टँडवर एका बाकावर बसे आणि कुणी न विचारताच ‘कसारा अठरा मिनिटं लेट’ असं शेजाऱ्याला सांगे. शेजारी उठून दुसऱ्या बाकावर जाई. देवजीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बाजाराला शहापुरात गेला की तो त्या बाकाकडे फार वेळ बघत नसे.

त्या वर्षी पावसाळ्यात कारखान्याला नवा मॅनेजर आला. रितेश साहेब, वय चौतीस, बोलणं गोड. मुंबईच्या हेड ऑफिसातून त्यांनी एक तत्त्व बरोबर आणलं होतं: कारखाना माणसाच्या डोक्यावर अवलंबून असता कामा नये. हे त्यांनी देवजीला समोर बसवून, चहा पाजून सांगितलं.

“उद्या तुम्हाला काही झालं, तर कंपनीनं काय करायचं?”

“मला काय व्हनार साहेब?”

“तसं नाही, समजा.”

“समजलो,” देवजी म्हणाला, आणि चहा संपवला.

पुण्याहून एक रोबो यायचा होता. चार पायांचा, वासराएवढा. त्याला कुणी ओढायचं नाही, कुणी चालवायचं नाही. तो आपला आपण सगळ्या कारखान्यात फिरतो, जिने चढतो, अडचणीतून वाट काढतो. पाठीवर लेसर. तो गरागरा फिरत सेकंदाला लाखो ठिपके मोजतो, ते ठिपके जोडले की कॉम्प्युटरमध्ये अख्खा कारखाना उभा राहतो, दोन मिलिमीटरच्या आत अचूक. हा नकाशा एकदा झाला की देवजींच्या डोक्यावरचं ओझं कमी होईल, असं रितेश साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं. देवजीने डोक्यावरून हात फिरवला. ओझं असल्याचं त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

मोजणीच्या वेळी कारखाना बंद हवा, काही हलता कामा नये. रितेश साहेबांनी सुट्ट्यांची यादी काढली, वर्षातला एकच दिवस असा सापडला की त्या दिवशी बॉयलरसुद्धा थंड असतो, आणि तो दिवस त्यांनी पुण्याला कळवून टाकला. यादीत त्या दिवसापुढे ‘खंडेनवमी’ असं लिहिलेलं होतं. साहेबांचं शिक्षण इंग्रजीत झालेलं असल्यामुळे त्यांनी फक्त तारीख वाचली.

खंडेनवमीला ह्या कारखान्यात जे चालतं ते सगळ्या मुरबाडला ठाऊक आहे. आदल्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून लख्ख होतात. सकाळी हत्यारं चौरंगावर मांडतात: पाने, पकडी, हातोडे, वेल्डिंगची बंदूक. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, हळद, कुंकू. बॉयलरच्या खोलीच्या मोकळ्या दाराला दोन्ही बाजूंनी केळीचे दोन खांब बांधायचे, ते देवजीने. गेली तीस वर्षं तो ओळंबा लावून बांधत होता, कारण वाकडं काही बांधलं की त्याला जेवण जात नसे. मग कामगारांच्या बायका-मुलं येतात, पुरी-भाजी आणि श्रीखंडाचं जेवण होतं.

साडेदहाला पुण्याचा टेम्पो आला. त्यातून योगिनी नावाची इंजिनियर मुलगी उतरली आणि तिच्यामागून रोबो स्वतःच्या पायांनी उतरला. बायकांनी त्याला क्षणभर निरखलं. आज आलेलं यंत्र पूजेशिवाय आत कसं जाणार? ताराबाई ताट घेऊन पुढे झाली. तिने ओवाळायला हात पुढे केला तशी रोबोने दोन पावलं मागे घेतली. ती पुढे, तो मागे.

“लाजतो गो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“समोर अडथळा आला की तो मागे सरतो,” योगिनीने समजावलं.

“आमच्याकडचे पन तसेच,” ताराबाई म्हणाली, आणि देवजीकडे न बघता तिने रोबोच्या कपाळावर, म्हणजे जिथे कपाळ असावं असं तिला वाटलं तिथे, कुंकू लावलं. तिची पाठ वळताच योगिनीने ते हळूच पुसून घेतलं, कारण ती त्याच्या डाव्या कॅमेऱ्याची काच होती.

आत आल्यावर मात्र योगिनी थबकली. “हे सगळं काढता येईल का? माळा, केळी, तोरणं?”

रितेश साहेबांनी देवजीकडे बघितलं. अजून तशी सवय सुटायची होती.

“नाय जमनार,” देवजी म्हणाला. “तारेनं बांधलंय. तार सोडायची तं पक्कड लागंल.”

“मग पक्कड घ्या.”

“पक्कड पूजेला बसलीय. उद्यापर्यंत उचलत नाय.”

साहेबांनी चौरंगाकडे बघितलं. पक्कड खरंच बसली होती, डोक्यावर फूल घेऊन.

“असू दे,” योगिनी म्हणाली. “फुलं, पानं, माणसं असलं नरम आणि हलणारं सगळं सॉफ्टवेअर नंतर गाळून टाकतं.”

रोबो निघाला. देवजी त्याच्यामागे. तो पडेल, अडेल, पंपहाऊसच्या मागे जाऊन डोकं धरून बसेल अशी देवजीला माफक आशा होती. पण तो सावकाश सगळीकडे जाऊन आला. पल्पच्या टाकीखालचा बोळ, जिथे देवजी अंग चोरून शिरायचा, तिथे तो गुडघे मोडून शिरला. जुन्या गच्चीवरची, जिचं अस्तित्व दोन मालकांना कळलं नव्हतं ती लाइनसुद्धा त्याने बघितली. दुपारी चारला काम संपलं. बत्तीस वर्षं देवजीला जे साठवायला लागली ते एका पूजेच्या दिवसात मोजून झालं, आणि मध्ये रोबोने जेवायला सुट्टीसुद्धा घेतली नव्हती. त्याच्या वाटणीचं श्रीखंड देवजीने खाल्लं, पण चव लागली नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला नकाशा आला. दोनशे बारा पानं. प्रत्येक पानाखाली ‘प्रत्यक्ष तपासून खात्री केली’ असं छापलेलं, त्याखाली सहीची जागा. रितेश साहेबांनी ती सगळी पानं एका दुपारी एसी केबिनमध्ये बसून प्रत्यक्ष तपासली, आणि मग कॅन्टीनच्या भिंतीवर सगळ्यांना नकाशा दाखवला. अंधाऱ्या भिंतीवर पांढऱ्या ठिपक्यांचा कारखाना तरंगू लागला. लोक आपापलं यंत्र ओळखून हसत होते. बॉयलरचं दार आलं तेव्हा देवजी जरा पुढे झुकला. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन जाड, उभे, अगदी ओळंब्यात असलेले पाइप होते. त्यांच्यावर नाव टाकलं होतं: लाइन ६०१ अ, लाइन ६०१ ब. पानं गाळली होती, फुलं गाळली होती. खोड उरलं होतं.

देवजीने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. न विचारता सांगणं ही वाल्मिकची सवय.

कार्यक्रम संपल्यावर तो साहेबांना एवढंच म्हणाला, “पत्राचं कसं साहेब? डिसेंबर येतोय.”

“बघू या,” रितेश साहेब म्हणाले. “आता नकाशाच आलाय, देवजी. तुम्हाला तरी किती दिवस त्रास द्यायचा?”

कंपनीने रोबो भाड्याने ठेवूनच घेतला. दर महिन्याला शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्याने आपण होऊन फिरायचं, नवी मोजणी जुन्या नकाशाशी ताडायची आणि फरक निघाला तर थेट मुंबईला कळवायचं. मध्ये कुणी माणूस नको, हाच तर मुद्दा होता. नोव्हेंबरअखेरच्या शुक्रवारी तो फिरला आणि शनिवारी सकाळी मुंबईला कळलं, की बॉयलरच्या दारातले सहा इंची, आठ फुटी दोन पाइप नाहीसे झाले आहेत.

सोमवारी चौकशी. केबिनच्या भिंतीवरच्या पडद्यावर मुंबईहून हेड ऑफिसचे भावेश साहेब, टेबलापाशी रितेश साहेब, आणि बॉयलर विभाग देवजीच्या हाताखाली म्हणून समोर देवजी. आधी गेटवरच्या गोजर वॉचमनला आत घेतलं.

“गेटमधून दोन पाइप बाहेर गेले?” भावेश साहेबांनी विचारलं.

“नाय.”

“काहीच गेलं नाही महिन्याभरात?”

“दसरा झाला तवा सफाईवाला बारक्या केळीचे खांब घेऊन गेला. म्हशीला.”

“ते मी विचारत नाहीये. पाइप.”

“पाइप नाय,” गोजर म्हणाला, आणि त्याला जायला सांगितलं.

मग देवजीची पाळी आली. तो उभाच राहिला.

“साहेब, ती केळ हाय.”

“कुठली केळ?”

“बॉयलरच्या दाराची. पूजेला बांधली व्हती. मशीननं पाइप म्हनून घेतली.”

भावेश साहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. “हे मशीन दोन मिलिमीटरपर्यंत अचूक आहे.”

“असंल. केळ बरोबरच मोजलीय.”

“व्यास एकशे बावन्न मिलिमीटर. हा सहा इंची पाइपचा व्यास आहे.”

“केळीचा पन आसतो.”

“अगदी उभी रेषा आहे. केळ इतकी सरळ असते?”

ह्या प्रश्नावर देवजी अडला. केळ इतकी सरळ नसते, ती त्याने केली होती. “ओळंबा लावला व्हता,” तो खाली मान घालून म्हणाला, आणि हे कबुलीजबाबासारखं ऐकू आलं.

“रितेश,” भावेश साहेब वळले, “ह्या पानावर तुमची सही आहे, प्रत्यक्ष तपासल्याची. तुम्ही तपासलंत तेव्हा तिथे पाइप होते का केळी?”

रितेश साहेब पाणी प्यायले. “सर, तपासलं तेव्हा नकाशाप्रमाणे सगळं बरोबर होतं.”

देवजीने दहा दिवसांत पाइपांचा हिशोब द्यावा, नाहीतर मुदतवाढीचा विषय बंद आणि वर लेखी ठपका, असं ठरलं. पडदा काळा झाला. केबिनमध्ये दोघंच उरले.

“साहेब, तुमी केळीतूनच आत आलेले,” देवजी म्हणाला. “त्या दिशी. डोक्याला पान लागलं व्हतं तुमच्या.”

“मला माहितीये हो,” रितेश साहेब हळू आवाजात म्हणाले. “पण आता केळ म्हटलं तर दोनशे बारा पानं मी काय तपासली, ते विचारतील.”

देवजीने त्यांच्याकडे बघितलं. पोरगा मनाने वाईट नव्हता. नुसता अडकला होता. अडकलेला नट समोर दिसला की देवजीचा हात आपोआप चाले.

“मशीनलाच इचारू या,” तो म्हणाला. “परत केळ बांधतो. त्याच जागी, तेवढीच. त्यानं परत पाइप म्हटलं की मुंबईला दिसंल ना, त्याला केळ समजत नाय ते.”

येता शुक्रवार ठरला. योगिनीलाही बोलावलं.

आता एकशे बावन्न मिलिमीटरची केळ आणायची कुठून? देवजी बुधवारी कामावरून आल्यावर खिशात कॅलिपर घालून पाड्याच्या खालच्या अंगाला गेला. ओढ्याकाठी यमूकाकीची केळीची बेटं होती. तो वाकून वाकून एकेका खोडाला कॅलिपर लावत होता तोवर यमूकाकी कंबरेवर हात ठेवून मागे येऊन उभी राहिली.

“काय करतंस रं देवजी?”

“माप घेतो काकी.”

“झबलं शिवतंस काय तिला?”

“कंपनीला पायजे. एकशे बावन्न.”

“एकशे बावन्न केळी?”

“नाय गो. जाडी.”

यमूकाकीने थोडा विचार केला. “तुला अजून कामावर ठेवलाय ना रं?” तिने काळजीने विचारलं.

“तेच बघतोय,” देवजी म्हणाला.

अकरावं खोड बरोबर निघालं, दुसरं सतराव्याला. शुक्रवारी सकाळी त्याने दोन्ही खांब बॉयलरच्या दाराला लावले. तारांचे जुने वळ भिंतीच्या अँगलवर होते, त्यावरून जागा मिळाली. ओळंबा सोडला, खडूने खूण केली, केसभर डावीकडे घेतलं. योगिनी बाजूला उभी राहून बघत होती. तिने खोडावर बोट टेकवलं, बोटाला लागलेलं पाणी बघितलं, आणि मग ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हसत होती.

रोबो आला, दारापाशी थांबला, लेसर फिरला, पुढे गेला. दुपारी उत्तर आलं. योगिनीने लॅपटॉपवरून वाचून दाखवलं: “लाइन ६०१ अ आणि ब, मूळ जागी आढळल्या. वस्तू परत आणण्यात आली आहे. प्रकरण बंद करावे.”

देवजीने लॅपटॉपमध्ये डोकावून बघितलं.

“परत आनली?” देवजी म्हणाला. “म्हंजे नेली कुनी?”

“तसं थेट म्हटलेलं नाही,” रितेश साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“मी हे दुरुस्त करू शकते,” योगिनी म्हणाली. “ओळख चुकली अशी नोंद करायची. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त ज्यांनी खात्री केली होती त्यांची सही लागेल, की खात्री केली नव्हती.”

रितेश साहेबांनी छताकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. योगिनीने लॅपटॉप मिटला.

भावेश साहेब मुंबईत खूश झाले. माल परत आला, पोलिसांकडे जावं लागलं नाही, यंत्राच्या धाकाने माणसं सुधारतात हे सिद्ध झालं. त्यांनी दोन कागद पाठवले. एकावर देवजीने लिहून द्यायचं होतं की दोन्ही लाइनी जागेवर आणून बसवल्या आहेत. दुसरा कागद मुदतवाढीचा होता. लाइनी पुन्हा नाहीशा होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर एक जबाबदार माणूस नेमणं आवश्यक होतं, आणि त्या कुठे जाऊ शकतात हे ज्याला माहीत आहे असा माणूस कंपनीत एकच होता. ‘लाइन ६०१ अ व ब यांच्या देखभालीसाठी, सदर लाइनी सेवेत असेपर्यंत,’ असं पत्रात होतं.

देवजीने दोन्ही कागद घरी नेले. आयुष्यात त्याने कंपनीचा एक वायसर घरी आणला नव्हता. वाफेच्या लाइनीवर डोळे मिटून हात ठेवणारा माणूस, पण ह्या कागदावर पेन ठेवताना त्याला घाम आला. ताराबाई नाचणीची भाकरी थापत होती.

“वाचून दाखव,” ती म्हणाली.

त्याने वाचलं.

“तू जागेवर आनून बशिवली का नाय?”

“बशिवली.”

“मंग खोटं काय हाय त्यात?”

“खोटं नाय गो. पन वाचनाऱ्याला चोर वाटनार मी.”

“वाचनार कोन?”

देवजीने विचार केला. कारखान्यात सगळ्यांना केळ माहीत होती. मुंबईत भावेश साहेब होते, आणि ते कागद वाचत नसत, त्याचा व्यास बघत. तरीही तो रात्रभर म्हणावं तसा झोपला नाही. सकाळी त्याने सही केली, पण सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात दोन शब्द घातले: ‘केळीच्या आहेत.’ रितेश साहेबांनी ते पाहिलं आणि कागद तसाच पुढे सरकवला. कागद स्कॅन होऊन मुंबईला गेला. हाताने लिहिलेलं त्यांच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नव्हतं.

जानेवारीत ते कापलेले खांब सुकू लागले. रोबोने कळवलं: व्यास अकरा मिलिमीटरने घटला, गंज असण्याची शक्यता. मुंबईहून गंजरोधक रंगाचा डबा आला. देवजीने तो बॉयलरच्या शिडीला मारला, तिला खरंच गरज होती, आणि रितेश साहेबांसमोर उभा राहिला.

“मेलेली केळ टिकत नाय साहेब. जिती लावावी लागंल.”

बारक्याच्या मदतीने त्याने यमूकाकीच्या बेटातून दोन केळी मुळासकट, मातीच्या गड्ड्यासह उचलून आणल्या. रिकामी पिंपं मधोमध कापून दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीत पुरली आणि त्यात त्या बसवल्या. दाराला ऊन येत होतं, आणि वाफेच्या लाइनीतून थंड होऊन टपकणारं पाणी वर्षानुवर्षं वाया जातच होतं. महिन्याभरात केळींनी जीव धरला. व्यास परत जागेवर आला. मुंबईने रंगाच्या दर्जाबद्दल समाधान व्यक्त केलं.

मार्चमध्ये लाइनींची लांबी वाढली. उष्णतेमुळे प्रसरण होत आहे काय, असा प्रश्न आला. देवजीने ‘होय’वर खूण केली. उन्हाळा होताच.

मे महिन्यात ६०१ ब बद्दल भावेश साहेबांचा फोन आला. “देवजी, त्या लाइनीवर वरच्या बाजूला नवीन फिटिंग दिसतंय. साठ-सत्तर नग. कुणाच्या परवानगीनं बसवलं?”

देवजीने मान वर केली. घड चांगला लागला होता, खाली केळफूल लोंबत होतं.

“आमी नाय बशिवलं साहेब. लाइनीबरोबरच येतं ते.”

“चालू केलंय का?”

“अजून कच्चं हाय.”

“चालू करण्याआधी मला कळवा,” भावेश साहेब म्हणाले.

केळी तयार झाली तेव्हा कळवलं. घड उतरवला, पिकायला ठेवला, आणि कारखान्यात प्रत्येकाला दोन-दोन मिळाली. रितेश साहेबांनी तीन खाल्ली. सगळे खूश होते, एक देवजी सोडून. घडाच्या जागी राहिलेल्या देठाकडे तो बघत होता. केळ एकदाच विते. घड उतरला की तिचं काम संपलं. ती पिवळी पडत जाते आणि मग तोडावीच लागते. ब संपली होती, अ वर घड लागलेला होता. ‘सदर लाइनी सेवेत असेपर्यंत,’ असं पत्रात होतं. पावसाळ्यानंतर त्या सेवेत राहणार नव्हत्या. त्याला एकाएकी शहापूरच्या स्टँडवरचा बाक दिसला, आणि त्यावर वाल्मिकच्या शेजारी मोकळी जागा.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

जुलैच्या फेरीनंतर शनिवारी रितेश साहेब हातात कागद घेऊन, छत्री सावरत बॉयलरकडे आले. केबिन सोडून ते आता बरेचदा येत. अलीकडे नकाशा उघडण्याआधी ते जागा बघून घेत, आणि जागा बघण्याआधी देवजीला विचारत.

“देवजी, मशीननं एक नवीन लाइन पकडलीय. ब च्या शेजारी. व्यास अठ्ठेचाळीस मिलिमीटर, उंची दीड फूट. त्यानं तिला ६०१ क नाव दिलंय. मुंबई विचारतेय, मंजुरी कुणाची?”

देवजी पिंपापाशी उकिडवा बसला. खोडाला लागून तलवारीच्या पात्यासारखा एक पोपटी कोंब वर आला होता. त्याने तो इतके दिवस बघितला होता, पण गवत बघावं तसा.

“मुनवा हाय,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“जुनी केळ गेली का तिच्या जागी हा. शेजारीच वाढतो, तिच्याच मुळातून. लावावा लागत नाय.”

साहेबांनी पेन काढलं. “मग काय लिहू?”

“ल्हिवा, ब ची मुदत संपली, काढनार. क तिच्या जागी तयार होतेय.”

“पूर्ण क्षमतेला यायला किती वेळ?”

“वरीस लागंल.” देवजीने अंदाज सांगताना एक दिवससुद्धा वाढवून सांगितला नाही. “नीट बघितली तं. पानी, खत, आनी मशीनच्या पायाखाली येऊ नये म्हनून कोनतरी पायजे.”

रितेश साहेबांनी छत्रीखाली कागद गुडघ्यावर ठेवून तसंच्या तसं लिहिलं आणि खाली सही केली. ह्या वेळी प्रत्यक्ष तपासून. संध्याकाळपर्यंत मुंबईचं उत्तर आलं. जुनी लाइन बंद पडण्याआधीच पर्यायी लाइन उभी करण्याचं असं नियोजन इतर विभागांनीही शिकण्यासारखं आहे, असं भावेश साहेबांनी कळवलं होतं, आणि देवजी यांची नेमणूक ६०१ क पूर्ण होईपर्यंत वाढवली होती.

“झालं एक वर्ष,” रितेश साहेब म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं. “पण देवजी, त्याच्या पुढच्या वर्षी काय करणार?”

देवजीने पिंपातली ओली माती बोटाने बाजूला केली.

“साहेब, हितं आनखी दोन कोंब दिसतायत.”